सुट्ट्या कमी असताना परदेश कसा करायचा: 26 जानेवारीला जोडून श्रीलंका

ऑफिसात पाच दिवस सांगितले तरी फिरायला हातात येतात साडेतीन, हे आधीच धरून चाला. जायचा अर्धा गेला, यायचा अर्धा गेला, आणि मध्ये एकदा हॉटेल बदललं की पॅकिंग, चेकआउट, गाडी, पुन्हा चेकइन यात आणखी अर्धा. पुण्याहून निघणार असाल तर मुंबई एअरपोर्टपर्यंत चार तास आणि वर तीन तास आधी पोचायचं, म्हणजे विमानात बसेपर्यंतच माणूस दमलेला. त्यामुळे कुठे जायचं ते नंतर, आधी उजेडाचे तास किती मिळतायत ते मोजा.

आता तारखा बघू. 2027 ची 26 जानेवारी मंगळवारी येतेय. शुक्रवार 22 आणि सोमवार 25 अशा दोनच रजा टाकल्या की शनि-रवि धरून सलग पाच दिवस झाले. फक्त बाकीच्यांनीही कॅलेंडर बघितलेलं असतं, त्यामुळे रजेचा मेल आत्ताच टाकून ठेवा.

तिकीट काढताना लोक फक्त भाडं बघतात आणि इथेच गंडतात. दुपारी तीनला उतरणारं आणि परत येताना सकाळी सातला निघणारं विमान तीन-चार हजारांनी स्वस्त असेलही, पण त्यात दोन दिवस गेले ना! गुरुवारी ऑफिस करून रात्रीचं निघा, मंगळवारी दुपारनंतरचं परतीचं घ्या, बुधवारी पुन्हा लॅपटॉप उघडायचाय हे लक्षात ठेवून फार मध्यरात्रीचं नको.

जागा निवडताना किती तासांचं विमान आणि घड्याळ किती फिरतंय हे दोन्ही बघा. बँकॉक आपल्यापेक्षा दीड तास पुढे, सिंगापूर अडीच तास, म्हणजे रात्रीच्या विमानात जी काय चार तास झोप मिळाली असती तीही कापली जाते. पाच दिवसांत युरोप वगैरे कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. श्रीलंका मला अशा ट्रिपसाठी सगळ्यात पटते कारण मुंबईहून थेट विमान साधारण अडीच तासांचं, घड्याळ आपलंच, आणि जानेवारीत दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर हवा मस्त असते. मे ते सप्टेंबर मात्र त्याच बाजूला पाऊस असतो, तेव्हा जायचं तर पूर्वेकडचं त्रिंकोमाली बघा.

आता खरी भानगड. पॅकेजवाले कॅंडी, सिगिरिया (कातळावरचा किल्ला), नुवारा एलिया, एला, गॉल सगळं पाच दिवसांत बसवून देतात, आणि कागदावर बसतंही, पण प्रत्यक्षात तुम्ही श्रीलंका गाडीच्या काचेतून बघता. एकट्या कॅंडी-एला ट्रेनलाच सहा-सात तास लागतात. एक तर सिगिरिया-कॅंडी करा नाहीतर दक्षिण किनारा, दोन्ही नको. सिगिरिया करणार असाल तर सकाळी गेट उघडताना पोचा, हजाराहून जास्त पायऱ्या आहेत आणि नंतर ऊन चढतं.

मी किनारा घेईन. शुक्रवारी पहाटे उतरलात तर हॉटेलची खोली दुपारी दोनशिवाय मिळत नाही, मग लॉबीत बसून काय करायचं? आधीच सांगून ठेवलेल्या गाडीने थेट एक्सप्रेसवेने गॉलला निघा, अडीच-तीन तास लागतात, झोप गाडीतच काढा. बॅगा हॉटेलवर टाका आणि किल्ला बघा. पोर्तुगीजांनी सुरू केला, डचांनी मोठा केला, आत अजून लोक राहतात, संध्याकाळी तटावर चालायला मजा येते, फक्त सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो तेव्हा उशीर करू नका. तिन्ही रात्री गॉल किंवा जवळच्या उनवटुनामध्येच काढा.

शनिवारी पहाटे मिरिसाला जाऊन देवमाशांची बोट. नोव्हेंबर ते एप्रिल हा सीझन, निळे देवमासेही दिसतात, पण दिसतीलच अशी गॅरंटी कोणी देत असेल तर त्याच्याकडून बुक करू नका. बोट लागत असेल तर गोळी बसायच्या अर्धा तास आधी, नंतर घेऊन उपयोग नाही. रविवार मोकळा ठेवा, खरंच मोकळा. ज्यांना राहवत नाही त्यांनी उदावलावेला हत्ती बघायला जावं, पण जाऊन येऊन अख्खा दिवस जातो.

सोमवारी गॉलहून कोलंबो फोर्ट स्टेशनची ट्रेन घ्या, बराचसा रूळ समुद्राला लागूनच आहे, एलाची निसर्गरम्य ट्रेन हुकल्याचं दुःख अर्धं तिथेच संपतं. रात्र कोलंबोत न काढता नेगोंबोत काढा कारण एअरपोर्ट तिकडेच आहे, मंगळवारी ट्रॅफिकची धडधड नको.

एक गंमत म्हणजे 22 तारखेला पौर्णिमा आहे. तिकडे प्रत्येक पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, पोया म्हणतात, त्या दिवशी दारू विकत नाहीत. पहिल्याच संध्याकाळी बीचवर बिअरचा बेत असणाऱ्यांनी तो शनिवारवर ढकलावा.

व्हिसाचे नियम मधूनमधून बदलतात, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी सरकारी साईट स्वतः उघडून बघा, तशाच दिसणाऱ्या पण जास्त पैसे घेणाऱ्या साईट्स बऱ्याच आहेत. पासपोर्ट किमान सहा महिने व्हॅलिड हवा. आणि तो फिरतानाही जवळ ठेवा, सिगिरियासारख्या ठिकाणी सार्क देशांच्या (म्हणजे भारतासह दक्षिण आशियातल्या) लोकांना तिकीट स्वस्त पडतं पण पासपोर्ट दाखवावा लागतो.

शाकाहारी मंडळींनो, भात आणि चार-पाच भाज्या सगळीकडे मिळतात, आप्पा म्हणजे वाटीच्या आकाराचे तांदळाचे पातळ डोसेही मिळतात, उपाशी राहणार नाही. फक्त खोबऱ्याची लाल चटणी, पोल सांबोल, दिसायला अगदी आपल्यासारखी असली तरी तिच्यात बऱ्याचदा सुक्या माशाचा चुरा असतो, तेव्हा विचारून घ्या, आणि नुसतं 'व्हेज का' विचारू नका, 'मालदीव फिश घातलंय का' असं विचारा.