पेनाचं टोपण

समुपदेशनातून माणसात बदल घडायला काय काय हवं, याच्या मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडलेल्या सहा अटी प्रशिक्षणात मला तोंडपाठ होत्या. समानुभूती, बिनशर्त स्वीकार, सच्चेपणा वगैरे. सेशनमध्ये मात्र समोरची व्यक्ती बोलत असताना माझं निम्मं डोकं पुढचा प्रश्न जुळवण्यात असायचं. सुरुवातीला बहुतेकांचं असतं. त्याची लाज नको.

एक क्लायंट (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) पाच सेशन्स वडिलांच्या मृत्यूबद्दल अहवाल वाचल्यासारखं सांगत होत्या. सहाव्या वेळी मध्येच थांबल्या. "कंटाळा आलाय का तुम्हाला?" माझी बोटं पेनाचं टोपण फिरवत होती. "छे छे" अगदी ओठांवर आलं होतं. पण मी म्हणाले, "कंटाळा नाही. तुम्ही इतक्या शांतपणे सांगताय आणि इकडे मला भरून येतंय. काय करावं सुचेना." त्या बघत राहिल्या. मीही काही विचारलं नाही, कारण खरंच काही सुचत नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मला वाटायचं, मीच दगड आहे."

अशा खोल भेटीला समुपदेशक डेव्ह मेर्न्स यांनी १९९६ मध्ये 'रिलेशनल डेप्थ' म्हटलं. नाव कळलं की माणूस तेच शोधत बसतो. मीही पुढचे दोन महिने प्रत्येकाशी आवाज हळवा करून बोलत होते. क्लायंटना हे लगेच कळतं.

सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी समुपदेशकासोबत आपल्या कामावर होणाऱ्या चर्चेत, प्रश्न आला: भरून आल्याचं सांगणं त्यांच्यासाठी होतं, की तुला मोकळं व्हायचं होतं? मला धड उत्तर देता आलं नाही. फसलेली सेशन्स आपण तिथे नेतोच. 'फार छान' झालेलीही न्या. जवळीक वाटली म्हणून वेळ वाढवू नका. आणि पुढच्या वेळी क्लायंटने दांडी मारली तर हाय खाऊ नका. इतकं उघडं झाल्यावर कित्येक जण एक पाऊल मागे घेतात. माझ्या क्लायंटनेही सेशन रद्द केलं. नंतर आल्या तेव्हा सगळा वेळ ऑफिसबद्दल बोलल्या. मी बोलू दिलं.

रॉजर्सची सहावी अट परीक्षेपुरतीच वाचली जाते: समानुभूती आणि स्वीकार थोडा तरी क्लायंटपर्यंत पोचायला हवा. शेवटच्या आढाव्यात मी विचारलं, कशाचा उपयोग झाला? मला वाटलं, माझं ते वाक्य सांगतील. ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. "तुम्ही टोपण खाली ठेवलंत ना, तेव्हा," म्हणाल्या. ते कधी ठेवलं, मला आठवत नाही.