तुमच्या फोनवर चालणारं अ‍ॅप दुसऱ्याच्या फोनवर का बिघडतं?

अ‍ॅप बनवणाऱ्याच्या टेबलावर सगळं सुरळीत असतं. फोन नवा, वायफाय भक्कम आणि अ‍ॅप नुकतंच कोरं इन्स्टॉल केलेलं. वापरणाऱ्याकडे यातलं काहीही असेलच असं नाही. बहुतेक चुका याच फरकातून येतात, म्हणून तपासणीची सुरुवातही तिथूनच करा.

सगळ्यात महागात पडते ती नेटवर्कची चूक. नेट आहे किंवा नाही, अशा दोनच शक्यता धरून कोड लिहिला जातो. खरी अडचण तिसरीच असते. विनंती सर्व्हरपर्यंत पोचली, काम झालं, पण उत्तर परत येताना वाटेत तुटलं. वापरणाऱ्याला वाटतं काम झालंच नाही. तो पुन्हा बटण दाबतो आणि एकच ऑर्डर दोनदा नोंदली जाते. एकदा दाबल्यावर बटण बंद करून ठेवणं पुरेसं नाही, कारण अ‍ॅप बंद करून उघडलं की ते परत चालू होतं. त्यापेक्षा प्रत्येक व्यवहारासाठी फोनवरच एक यूयूआयडी, म्हणजे दुसरीकडे कुठेही जुळणार नाही असा ओळख क्रमांक, तयार करा, तो आधी फोनमध्ये साठवा आणि मग विनंतीबरोबर पाठवा. पुन्हा प्रयत्न करताना तोच क्रमांक वापरा. सर्व्हरने तो आधी पाहिलेला असेल तर नवी नोंद न करता जुनंच उत्तर परत द्यायचं. शिवाय पुन्हा प्रयत्न लगोलग करू नका. १, २, ४, ८ सेकंद असं अंतर वाढवत न्या आणि त्यात थोडा रँडम फरक मिसळा. नाहीतर बंद पडलेला सर्व्हर उठताक्षणी सगळे फोन एकदम त्याच्यावर तुटून पडतात आणि तो पुन्हा बसतो.

दुसरी चूक अनुभवी लोकांकडूनही होते. वापरणारा अर्धा फॉर्म भरून कॅमेऱ्यात जातो, मेमरी कमी पडते आणि अँड्रॉइड मागे राहिलेली प्रोसेस (अ‍ॅपचं चालू काम) मारून टाकतं. तो परत येतो तेव्हा स्क्रीन तीच दिसते, पण मेमरीतली व्हेरिएबल्स कोरी झालेली असतात. व्ह्यूमॉडेल, म्हणजे स्क्रीनची माहिती धरून ठेवणारा अँड्रॉइडचा भाग, स्क्रीन फिरवल्यावर टिकतं, प्रोसेस मेल्यावर टिकत नाही. छोटी माहिती सेव्हड-स्टेट-हँडलमध्ये, म्हणजे प्रोसेस मेल्यावरही सिस्टीम जपते त्या जागेत, ठेवा आणि अर्धवट मसुदा थेट डेटाबेसमध्ये लिहा. हे तपासायची रीत अशी:

१. फॉर्म अर्धा भरा आणि होम बटण दाबा.
२. संगणकावरून एडीबीच्या (फोनला आदेश देणाऱ्या साधनाच्या) ‘एएम किल’ आदेशाने अ‍ॅपची प्रोसेस मारा.
३. अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीतून ते पुन्हा उघडा. भरलेलं सगळं जागेवर हवं.

यादीतून अ‍ॅप सरकवून काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. तसं केलं तर सिस्टीम जपलेली स्थितीही टाकून देते.

मेमरी एवढी पटकन का संपते, याचं नेहमीचं कारण म्हणजे फोटो. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा फोटो डिस्कवर ३ एमबीचा असला तरी उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे सुमारे ४८ एमबी जागा घेतो. यादीत असे दहा फोटो मूळ आकारात आले की साधा फोन कोसळतो. फोटो चौकटीच्या मापातच डीकोड करा, म्हणजे मेमरीत उघडा. ग्लाइड, कॉइल यांसारख्या लायब्ररी हे काम करतात. फाइल वाचणं, जेसन (सर्व्हरकडून येणारी माहिती लिहायची एक पद्धत) सोडवणं ही कामं मुख्य थ्रेडवर, म्हणजे पडदा रंगवणाऱ्या धाग्यावर, ठेवू नका. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर जेमतेम ८. स्पर्शाला ५ सेकंद प्रतिसाद मिळाला नाही तर ‘अ‍ॅप प्रतिसाद देत नाही’ ही पाटी झळकू शकते.

अपडेटची तपासणी अ‍ॅप काढून नव्याने टाकून केली तर ती वाया गेली. जुनी आवृत्ती टाका, तिच्यात खरी वाटेल अशी माहिती भरा आणि नवी आवृत्ती तिच्यावरच चढवा. मधल्या आवृत्त्या गाळून थेट तिसरीवरून सातवीवर येणारे लोक असतात, तोही मार्ग चालवून बघा. रूम ही अँड्रॉइडची डेटाबेस लायब्ररी वापरत असाल तर ‘फॉलबॅक-टू-डिस्ट्रक्टिव्ह-मायग्रेशन’ ही ओळ प्रकाशनापूर्वी काढा. मायग्रेशन (जुने तक्ते नव्या रचनेत नेणारा कोड) सापडलं नाही की ती सगळे तक्ते पुसते, आणि फक्त फोनवर असलेल्या नोंदी परत आणता येत नाहीत.

डीबग बिल्ड (चाचणीची प्रत) चाललं म्हणजे रिलीज बिल्ड (प्रकाशनाची प्रत) चालेलच असं नाही. रिलीज बिल्ड लहान करणारं आर-८ हे साधन कोडमधल्या क्लास आणि फील्डची नावं बदलतं, त्यामुळे नावावर अवलंबून असलेलं जेसन वाचन मुकाट्याने रिकामं येऊ शकतं. प्ले स्टोअरवर जाणारं बिल्डच हातात घेऊन तपासा आणि प्रत्येक प्रकाशनाची मॅपिंग फाइल (बदललेल्या आणि मूळ नावांची यादी) जपा. ती नसेल तर क्रॅशच्या नोंदीतून काही उमगत नाही. एपीकेमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या इन्स्टॉल फाइलमध्ये, लपवलेली गुप्त किल्ली कुणीही जॅडएक्ससारख्या (jadx) कोड उलगडणाऱ्या साधनाने काढू शकतो, म्हणून ती सर्व्हरवरच ठेवा.

परवानगी पहिल्याच स्क्रीनवर मागू नका. आयओएसची परवानगीची खिडकी नाकारली की पुन्हा येत नाही. अँड्रॉइड ११ पासून दोनदा नकार मिळाला की तिथेही ती बंद होते. मग सेटिंगमध्ये जाण्यावाचून मार्ग नाही. गरज पडेल तेव्हाच, कारण सांगून मागा. बटणांना अँड्रॉइडवर किमान ४८ डीपी आणि आयओएसवर ४४ पॉइंट (पडद्यावरची मापं) जागा द्या. अक्षरं २०० टक्के मोठी करूनही सगळे स्क्रीन बघा.

प्रकाशन एकदम सगळ्यांना करू नका. अ‍ॅप स्टोअरचा टप्प्याटप्प्याचा मार्ग ७ दिवसांचा आहे: १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के. गूगल प्लेवर टक्केवारी तुम्ही ठरवता. मात्र टप्पा थांबवला तरी ज्यांच्याकडे बिघडलेली आवृत्ती पोचली, त्यांच्याकडे ती राहतेच. म्हणून अ‍ॅप उघडताच सर्व्हरला ‘किमान चालणारी आवृत्ती कोणती’ हे विचारणारा कोड पहिल्याच प्रकाशनात हवा. तो नंतर घातला तर जुन्या आवृत्तीवर थांबलेल्यांपर्यंत पोचायला तुमच्याकडे वाटच उरत नाही.