व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे भवितव्य कसे जोखावे

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, टिकणार की ओसरणार, याविषयी दर मोसमात दोन्ही टोकांची भाकिते ऐकू येतात. त्यांतले कोणते मानावे हे ठरवताना पैशाचा प्रश्न आणि खेळाडूंच्या शरीराचा प्रश्न आधी वेगळे करावेत, कारण पहिल्याच्या झगमगाटात दुसरा झाकला जातो.

पैशाचा प्रश्न लवकर सुटतो. लीगने २०२१ मध्ये केलेले प्रसारणाचे करार १०० अब्ज डॉलरांहून अधिक किमतीचे असून त्यांची मुदत २०३३ च्या मोसमापर्यंत आहे. त्यामुळे हा खेळ लवकरच बंद पडेल असे कोणी म्हटले, तर ते मनावर घेऊ नये. मात्र या करारांवरून बघणारे किती आहेत एवढेच कळते. वीस वर्षांनी खेळायला कोण उतरेल, हे त्यांवरून कळत नाही.

शरीराच्या प्रश्नाला अधिक वेळ द्यावा. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा सेंटर, म्हणजे रांगेच्या मधोमध राहून चेंडू मागे देणारा खेळाडू, माइक वेबस्टर १७ मोसम खेळला आणि २००२ मध्ये, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, वारला. त्याच्या मेंदूची तपासणी करताना डॉ. बेनेट ओमालू यांना सीटीई हा मेंदू हळूहळू झिजवणारा विकार आढळला. डोक्याला वर्षानुवर्षे बसणाऱ्या धक्क्यांशी या विकाराचा संबंध आहे, आणि त्याचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतरच होते. २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत तो सापडला. हा आकडा वाचताना घाई करू नये. हे मेंदू दान केलेले होते, आणि ज्या घरांनी आपल्या माणसाचा विसरभोळेपणा, संताप, खिन्नता जवळून पाहिली, तीच घरे दानाला पुढे येण्याची शक्यता अधिक असते. म्हणून हे प्रमाण सर्व खेळाडूंना लावू नये. तरीही त्याच अभ्यासात केवळ शाळेपर्यंत खेळलेल्या १४ पैकी ३ जणांना, तर महाविद्यालयापर्यंत खेळलेल्या ५३ पैकी ४८ जणांना हा विकार होता, हेही नजरेआड करता येत नाही. माझ्या मते खेळाच्या भवितव्याचा खरा प्रश्न इथेच आहे.

नियम बदलल्याची बातमी आली, की त्यामुळे नेमका कोणता धक्का टळला, हे विचारावे. पूर्वी किकऑफला, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून खेळ सुरू करताना, एक संघ लांबून भरधाव येऊन दुसऱ्यावर आदळत असे. २०२४ पासून चेंडू मारणारा खेळाडू मागे राहतो, त्याचे दहा सहकारी प्रतिस्पर्ध्यांपासून जेमतेम पाच यार्डांवर उभे असतात, आणि चेंडू खाली पडेपर्यंत किंवा कोणी तो झेलेपर्यंत ते जागचे हलू शकत नाहीत. ही सुधारणा खरी आहे, कारण तिच्यामुळे धावेचा वेग तुटतो. दुसरीकडे २०२१ मध्ये मोसमातील प्रत्येक संघाचे सामने १६ वरून १७ झाले आणि आता १८ व्या सामन्याची भाषा सुरू आहे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जात नाही ना, हे अशा वेळी तपासावे.

त्यानंतर शाळांकडे पाहावे. २००८-०९ मध्ये ११ लाखांहून अधिक विद्यार्थी शालेय फुटबॉल खेळत होते. दहा वर्षांनी ही संख्या सुमारे १० लाखांवर आली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी पालकांपुढेही मुलाच्या संमतिपत्रावर सही करताना हाच प्रश्न असतो. धडक नसलेल्या फ्लॅग फुटबॉलचा पर्याय आता पुढे येत आहे. त्यात प्रतिस्पर्ध्याला पाडायचे नसते, त्याच्या कमरेची पट्टी ओढायची असते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला.

हा खेळ बदलूच शकत नाही, असेही मानू नये. १९०५ मध्ये, खेळाडूंचे बळी जात असताना, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी नामांकित महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले, आणि गर्दीतल्या धडका कमी व्हाव्यात म्हणून १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली.

शेवटी एक सामना पाहावा आणि त्यातील एक क्वार्टर, म्हणजे सामन्याचा चौथा हिस्सा, चेंडूवरची नजर काढून मधल्या रांगेतल्या पाच जणांवर ठेवावी. जमिनीला हात टेकून वाकलेली ही माणसे चेंडू सुटताच समोरच्यावर आदळतात, उठतात आणि पुन्हा त्याच जागी वाकतात. वेबस्टर याच रांगेच्या मधोमध असे. त्या क्वार्टरमधल्या धडका मोजाव्यात आणि त्या आकड्याला आधी चाराने, मग सतराने गुणावे.