पॅरामेशियमचे खाणे आणि पचवणे सूक्ष्मदर्शकातून कसे पाहावे

तोंड, जठर, आतडे यांपैकी काहीही नसलेला एकपेशीय सजीव अन्न कसे खातो आणि कसे पचवतो, याचे उत्तर पाठ्यपुस्तकात एका आकृतीतून दिलेले असते. ती आकृती बरोबरच असते, पण त्या क्रियेचा वेग, क्रम आणि पेशीच्या आत होणारा आम्लाचा चढउतार तिच्यातून कळत नाही. लाल रंग दिलेले यीस्ट पॅरामेशियम या साचलेल्या गोड्या पाण्यात आढळणाऱ्या एकपेशीय सजीवाला खाऊ घातले, तर हा चढउतार अर्ध्या तासात डोळ्यांनी पाहता येतो. त्यासाठी ४०० पट मोठे दाखवणारा साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, आच्छादक काचा, ड्रॉपर, बेकरीत वापरतात ते कोरडे यीस्ट आणि काँगो रेड हा रंग एवढे साहित्य पुरते.

सुरुवात अमिबापासून करावी असे अनेकांना वाटते, कारण छद्मपादांनी (पेशीतून तात्पुरत्या निघणाऱ्या, पायांसारख्या फुगवट्यांनी) भक्ष्याला वेढून घेणारा अमिबा आपल्या मनात ठसलेला असतो. परंतु अमिबा शोधणे कठीण असते, तो भक्ष्य केव्हा पकडेल याचा नेम नसतो आणि पकडलेले भक्ष्य पचायला त्याला कितीतरी तास लागतात. पॅरामेशियम मात्र अन्न मिळत असेल तोवर जवळजवळ अखंड खात राहतो, आणि म्हणून निरीक्षणासाठी तोच निवडावा.

संवर्धनासाठी भाताचा पेंढा किंवा वाळलेले गवत मूठभर घेऊन एक लिटर पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन या जीवांना घातक असल्यामुळे पुढे भर घालण्यासाठी लागणारे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवूनच वापरावे. काढा थंड झाल्यावर एक-दोन दिवस तसाच राहू द्यावा. उकळूनही टिकलेल्या बीजाणूंपासून आणि हवेतून आलेल्या जिवाणूंपासून त्यात जिवाणूंची भरपूर वाढ होते आणि पाणी गढूळ होते. हे जिवाणू म्हणजेच पॅरामेशियमचे अन्न. मग एखाद्या तळ्यातील, संथ ओढ्यातील किंवा जुन्या विहिरीतील पाणी, तळाशी कुजणाऱ्या चार पानांसह, त्यात मिसळावे आणि भांडे उन्हापासून दूर ठेवावे. आरंभी अगदी बारीक, भराभर धावणारे जीवच दिसतात; पॅरामेशियमची संख्या वाढायला आठवडाभर लागू शकतो, म्हणून चौथ्या दिवशी निराश होऊन भांडे ओतून देऊ नये. पॅरामेशियम पाण्याच्या वरच्या थराकडे जमतात. त्यांची लांबी एक मिलिमीटरच्या पाव हिश्श्याच्या आसपास असते, त्यामुळे थेंब काळ्या कागदावर धरला तर ते हलणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांसारखे नुसत्या डोळ्यांनाही जाणवतात.

आता यीस्टला रंग द्यायचा. एका परीक्षानळीत दहा मिलिलिटर पाणी, सुमारे एक ग्रॅम कोरडे यीस्ट आणि तीस मिलिग्रॅम काँगो रेड घालून ती नळी उकळत्या पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटे ठेवावी. उष्णतेने यीस्ट मरते आणि रंग पेशींत चांगला मुरतो. काँगो रेड हा बेंझिडीन या कर्करोगकारक रसायनापासून बनलेला रंग असल्याने तो निष्काळजीपणे हाताळण्याचा पदार्थ नव्हे. हातमोजे घालावेत, भुकटी उडू देऊ नये, स्वयंपाकघरातील भांडी वापरू नयेत, आणि विद्यार्थ्यांनी हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. हाच रंग निवडण्याचे कारण असे की तो आम्लता दाखवतो: सामू (pH; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ५ च्या वर असताना तो लाल असतो आणि ३ च्या जवळ येताच निळा होतो.

काचपट्टीवर कापसाचे चार-पाच धागे पिंजून ठेवावेत, त्यांवर संवर्धनाचा एक थेंब सोडावा आणि पातळ केलेल्या रंगीत यीस्टचा अगदी लहानसा थेंब त्यात मिसळून लगेच घड्याळातील वेळ लिहून ठेवावी. मग वर आच्छादक काच हलकेच ठेवावी. यीस्ट जास्त झाले तर सगळे दृश्यच लाल होते आणि काही उमगत नाही. धाग्यांच्या जाळ्यात पॅरामेशियम अडकून मंदावतात. त्यांना आच्छादक काचेखाली दाबून थांबवण्याचा उपाय मला पसंत नाही, कारण चिरडलेली पेशी नीट खात नाही. आधी १०० पट मोठे करून धाग्यांमध्ये अडकलेला एखादा जीव शोधावा, मग ४०० पटीवर जावे आणि प्रकाश कमी करावा, म्हणजे पेशीचा तपशील उठून दिसतो.

पहिल्यांदा पेशीच्या एका बाजूने तिरकस आत जाणारी खोबण पाहावी. तिच्यातील पक्ष्माभिकांच्या (केसांसारख्या बारीक तंतूंच्या) फटकाऱ्यांनी पाण्याचा प्रवाह आत ओढला जातो आणि यीस्टचे लाल कण भोवऱ्यात सापडल्यासारखे खोबणीच्या टोकाशी, पेशीमुखाजवळ (अन्न आत शिरण्याच्या जागेजवळ), गोळा होतात. तिथे पेशीपटलाचा एक फुगवटा तयार होतो, भरतो आणि सुटून पेशीद्रव्यात शिरतो. ही अन्नरिक्तिका. ती आधीपासून तिथे नव्हती, प्रत्येक घासासाठी ती नव्याने घडते, आणि या सगळ्या निरीक्षणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. १८३० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी अशाच जीवांना नीळ आणि कार्माइन हे रंग खाऊ घातले, आत अनेक रंगीत गोळे पाहिले, आणि या प्राण्यांना अनेक जठरे असतात असा निष्कर्ष काढला. फ्रान्समधील द्युजार्दॅं यांनी तो खोडून काढला. एरेनबर्ग यांच्या डोळ्यांनी त्यांना फसवले नव्हते; कायमचा अवयव आणि तात्पुरती पोकळी यांत फरक करायचा तर एकाच गोळ्यावर सुरुवातीपासून लक्ष ठेवावे लागते.

म्हणून नुकतीच सुटलेली एकच लाल रिक्तिका निवडावी आणि दर मिनिटाला तिचा रंग, आकार व जागा वहीत लिहावी. साधारण पाच मिनिटांच्या आत ती जांभळट, मग निळी होते आणि आकसते. या वेळी आम्ल असलेल्या बारीक पिशव्या तिच्यात मिसळलेल्या असतात आणि आतील सामू ३ पर्यंत उतरलेला असतो. जिवंत जिवाणू गिळलेला असेल तर तो याच टप्प्यावर मरतो. त्यानंतर लयकारिका (पाचक विकरांनी भरलेल्या पेशीतील बारीक पिशव्या) तिच्याशी एकरूप होऊन पाचक विकरे आत सोडतात, ती पुन्हा थोडी मोठी होते आणि आम्लता ओसरू लागल्याने निळा रंग परत लालसर होतो. पचलेले घटक पटलातून पेशीद्रव्यात शोषले जातात. रिक्तिका या काळात पेशीद्रव्याच्या प्रवाहाबरोबर फिरत असते, पण पुस्तकातील आकृतीप्रमाणे ठरीव वर्तुळातच फिरेल अशी अपेक्षा ठेवू नये.

इथे नवख्या निरीक्षकाची हमखास चूक होते. लाल रिक्तिका म्हणजे ताजी रिक्तिका असे तो धरून चालतो, पण लाल रंग आरंभीही असतो आणि अखेरीसही. वेळेची नोंद नसेल तर नुसत्या रंगावरून टप्पा सांगता येत नाही. दुसरी गफलत संकोची रिक्तिकेबाबत होते: पेशीच्या दोन्ही टोकांजवळ ठरावीक अंतराने फुगणाऱ्या आणि मिटणाऱ्या त्या रंगहीन पोकळ्या जास्तीचे पाणी बाहेर टाकतात, त्यांचा अन्नाशी संबंध नसतो.

वीस मिनिटांनंतर नजर पेशीमुखाच्या मागील बाजूस वळवावी. तिथे एका ठरलेल्या जागीच न पचलेला भाग बाहेर टाकला जातो, आणि यीस्टच्या पेशीभित्तिका चिवट असल्याने तो बराच असतो. ही क्रिया क्षणात उरकते, त्यामुळे ती पहिल्याच प्रयत्नात दिसेलच असे नाही. रिकाम्या झालेल्या रिक्तिकेचे पटलही वाया जात नाही. ते बारीक चकत्यांच्या रूपात पेशीमुखाकडे परत नेले जाते आणि पुढच्या रिक्तिकांसाठी वापरले जाते. या चकत्या आपल्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत, त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उघड केल्या.

निरीक्षण लांबले की काचेखालचे पाणी सुकते आणि जीव मरू लागतात. दर दहा मिनिटांनी काचेच्या कडेला पाण्याचा एक थेंब सोडावा. जमल्यास दुसऱ्या काचपट्टीवर यीस्टऐवजी कार्माइनची बारीक भुकटी देऊन पाहावी. त्या कणांत पोषण काहीच नसते, तरीही पॅरामेशियम ते गिळतो आणि त्यांच्याभोवती रिक्तिका घडवतो. दोन्ही पट्ट्यांवर दहा मिनिटांत एका पेशीत किती रिक्तिका तयार झाल्या ते मोजावे आणि हे आकडे शेजारीशेजारी लिहावेत.