चोडणासारख्या बेटावर राहून घरगुती खाण्याचा धंदा कसा सुरू करायचा

गेली नऊ वर्षं मी गोव्यात पणजीजवळच्या चोडण बेटावर घरूनच आगळ (भिरंडाचा म्हणजे कोकमाचा खारवलेला रस), सोलं (त्याचीच वाळवलेली सालं), तोरांचं म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नेवऱ्या (करंज्या) विकतेय. वाड्यावरच्या दोन-तीन वहिनींनी परत परत तेच विचारलं, सुरुवात कुठून करू गो, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय. दिवाडी, जुवे, कुंभारजुवे या आसपासच्या बेटांवरच्या बायांना पण हेच लागू पडेल कारण पाणी सगळ्यांच्या दारात आहे.

पहिली गोष्ट, आपलं गिऱ्हाईक गावात नाही. इथे प्रत्येक घरात बरणी भरलेली असते, शेजारीण तुमच्याकडून लोणचं विकत घेणार नाही आणि घेतलं तरी भाव पाडूनच घेणार. गिऱ्हाईक आहे पणजीत, पर्वरीत, फ्लॅटमध्ये राहणारी नोकरीवाली माणसं ज्यांच्याकडे ना भिरंडाचं झाड आहे ना वाळवायला अंगण. म्हणजे काय बनवायचं हे ठरवताना आधी विचारायचं, हे पाणी ओलांडून चांगलं पोचतं का? फेरीबोटीची वाट बघत अर्धा-पाऊण तास उन्हात धक्क्यावर उभं राहिल्यावर पण ते तसंच राहतं का? मी सुरुवातीला खरवस आणि ताज्या पातोळ्या न्यायचे, हौस फार होती, पण मे महिन्यात एकदा फेरी बिघडून बंद पडली आणि सगळा माल मये-डिचोलीवरून रस्त्याचा वळसा घालून न्यावा लागला, पणजीत पोचेपर्यंत खरवसाला पाणी सुटलं होतं. तेव्हा ठरवलं, नाशवंत वस्तू फक्त ऑर्डर पक्की असेल तरच, आणि रोजचा धंदा मिठावर, आंबटावर, वाळवणावर चालवायचा. आगळात मीठ असतं म्हणून ते फ्रिजशिवाय टिकतं, सोलं वर्षभर टिकतात, खारातली तोरं टिकतात. आपल्या आज्या पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवायच्या ते याचसाठी ना, पावसात बाजार गाठता येत नसे म्हणून. तीच वस्तू आज शहरातल्या माणसाला हवी आहे.

पॅकिंगवर पैसे वाचवू नका, हे मी कळकळीने सांगते. फेरीच्या रॅम्पवर स्कूटर चढवताना जो धक्का बसतो त्यात माझ्या काचेच्या चार बाटल्या फुटल्या होत्या, आगळाचा लाल रंग पिशवी, कपडे, सीट सगळीकडे, आणि वास आठ दिवस. आता मी जाड प्लॅस्टिकच्या बाटल्या घेते, झाकणाखाली सील लावते, बाटली उलटी करून रात्रभर ठेवते आणि सकाळी खालचा कागद कोरडा असेल तरच ती बाहेर पडते. एका बाटलीमागे चार-पाच रुपये जास्त जातात, जाऊ देत. पायी जाणाऱ्याला फेरीला तिकीट नाही, त्यामुळे दोन पिशव्या घेऊन रायबंदरला उतरलं आणि तिथून पणजीची बस पकडली की वाहतुकीचा खर्च फक्त बसचा, एवढा स्वस्त रस्ता कुठल्या बेटावर मिळतो? २०२५ मध्ये या मार्गावर मोठ्या रो-रो (गाड्या थेट चढवायच्या) फेरी आल्या, तरी सणाच्या आदल्या दिवशी गाडीवाल्यांना वेळ हातात ठेवावाच लागतो. मी आठवड्यातून दोनच दिवस डिलिव्हरी ठेवलेय, बुधवार आणि शनिवार, सकाळी. गिऱ्हाईकाला आधीच सांगितलं की ते त्याप्रमाणे थांबतात, रोज रोज एकेका बाटलीसाठी पाणी ओलांडलंत तर कंबर मोडेल आणि हातात काही उरणार नाही.

आता भाव. इथेच आपल्या बाया सगळ्यात जास्त मार खातात. माझा नेवऱ्यांचा हिशोब उघड करून सांगते. पहिल्या वर्षी शंभर नेवऱ्यांना रवा, मैदा, खोबरं, गूळ, वेलची, तेल, गॅस आणि डबे मिळून ६२० रुपये लागले. मी दहा रुपयाला एक विकली, हजार आले, ३८० सुटले म्हणून खूष. नंतर पोरीने विचारलं की आई, किती तास लागले? मी आणि जाऊ, दोघी पाच-पाच तास बसलो होतो, दहा तास. म्हणजे तासाला ३८ रुपये, आणि त्यातून अजून बसचे पैसे काढलेच नव्हते! पुढच्या वर्षी भाव पंधरा केला, भीती वाटत होती कोणी घेणार नाही, पण चार-पाच गिऱ्हाईकं सोडली तर सगळी राहिली. तेव्हा शंभरामागे ८८० सुटले, तासाला ८८. तुम्ही पण वहीत तास लिहा. भिरंडं आपल्याच झाडाची असली तरी त्यांची किंमत लावा, कारण ज्या वर्षी झाड धरत नाही त्या वर्षी ती बाजारातून आणावीच लागतात आणि भाव एकदम वाढवला की गिऱ्हाईक नाराज होतं.

कागदपत्रांना घाबरू नका, एजंटला हजारो रुपये द्यायची गरज नाही. आपल्यासारख्या छोट्या धंद्याला एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचं) साधं रजिस्ट्रेशन पुरतं, फी वर्षाला १०० रुपये, ऑनलाइन होतं, फोटो, ओळखपत्र, पत्ता वगैरे लागतं. अडलं तर बांबोळीला एफडीएचं (राज्याच्या अन्न व औषध खात्याचं) ऑफिस आहे, तिथे जाऊन विचारा. जो १४ आकडी नंबर मिळतो तो लेबलवर आलाच पाहिजे, त्याशिवाय धड दुकानवाला माल ठेवत नाही. लेबलवर अजून पदार्थाचं नाव, आत काय काय घातलंय, वजन, कधी बनवलं, कधीपर्यंत वापरायचं, बॅच नंबर, किंमत, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि आपला पत्ता. दुसरं, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, ही पूर्ण फुकट आहे, आधारवर होते, कोणी पैसे मागितले तर समजा फसवतोय. फक्त माल विकत असाल आणि उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारण जीएसटीचा प्रश्न येत नाही, मात्र मोठ्या ऑनलाइन साइटवर विकायचं ठरवलं तर आधी एकदा सीएला विचारा.

बँकेचं खातं स्वतःच्या एकटीच्या नावावर उघडा आणि यूपीआयचा क्यूआर त्याच खात्याचा ठेवा. नवरा चांगला असला तरी. घरखर्चात मिसळलेला पैसा धंद्याचा राहत नाही, आणि पुढे लोन मागायला गेलात की बँकवाला तुमचंच स्टेटमेंट बघणार, नवऱ्याचं नाही.

लोनचं सांगायचं तर आपल्या गोव्यात एक वेगळीच गोष्ट आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्यामुळे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोच्या मालमत्तेवर दोघांचा अर्धा-अर्धा हक्क असतो. हा हक्क मोठा आहे, तुमच्या सहीशिवाय नवरा घर विकू शकत नाही, पण उलटं पण खरं, तुम्हाला धंद्यासाठी घर तारण ठेवायचं तर त्याची पण सही लागते. आणि बऱ्याच घरांत मालमत्ता अजून आजोबा-पणजोबांच्या नावावरच आहे, वाटण्याच झालेल्या नाहीत, मग बँक तारण म्हणून ती धरतच नाही. म्हणून माझं म्हणणं, घराला हात न लावता सुरुवात करा. मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत लोन तारणाशिवाय मिळतं, सील मशीन, मोठी भांडी, बाटल्या एवढ्यात आरामात होतात. मोठं काही करायचं असेल तर पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार योजनेत गावातल्या बाईला प्रकल्पाच्या ३५ टक्क्यांपर्यंत सबसिडी आहे आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. पणजीला ईडीसी या राज्याच्या कर्ज देणाऱ्या महामंडळात पण मुख्यमंत्री रोजगार योजनेची चौकशी करा.

सेल्फ हेल्प ग्रुपमध्ये जावं की एकटीने करावं? मी दोन्ही केलंय. ग्रुपचा फायदा म्हणजे स्टॉल मिळतो, पणजीचा लोकोत्सव असो की बचत गटांच्या मालाचं सरस प्रदर्शन, एकटीला तिथे जागा मिळवणं कठीण. शिवाय दहा जणींच्या बाटल्या एकत्र मागवल्या की स्वस्त पडतात. त्रास म्हणजे हिशोब. आमच्या ग्रुपमध्ये एकदा कोणी किती तास काम केलं यावरून दोन सख्ख्या जावा बोलेनाशा झाल्या. आता वही सगळ्यांसमोर उघडी असते आणि त्याच दिवशी सह्या होतात. उधारीवर पण लक्ष ठेवा, एका ऑफिसने दिवाळीला ६० डबे घेतले आणि पैसे दिले मार्चमध्ये, तोपर्यंत माझं भांडवल अडकून पडलं. तेव्हापासून मोठ्या ऑर्डरला अर्धे पैसे आधी, ओळखीतल्याला पण.

पर्यटक मात्र मी वरकमाई धरते, पाया नाही. इथल्या सलीम अली पक्षी अभयारण्यात थंडीत लोक येतात, दिवाडीला सायकलवाले आणि ऑगस्टमध्ये तिथल्या बोंदेरा उत्सवाला गर्दी, त्यांना थंडगार भिरंडाचं सरबत आणि छोटी बाटली विकता येते, छोटीच ठेवा कारण त्यांना बॅगेतून न्यायची असते. बाटलीवर बेटाचं नाव मोठं लिहा, खाजन शेतातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) कोरगुट तांदळाचं काही करत असाल तर तेही लिहा, खाऱ्या जमिनीत पिकणारा तांदूळ ऐकला की लोक थांबून विचारतात.

वर्षाची आखणी मी अशी करते. फेब्रुवारीत बाटल्या आणि लेबलं मागवून ठेवायची, कारण एप्रिलमध्ये भिरंडं पिकायला लागली की श्वास घ्यायला वेळ नसतो. मेपर्यंत सोलं वाळली पाहिजेत, म्हापशाला मिलाग्री चर्चच्या फेस्ताला (जत्रेला) पुरुमेंताचा माल खपतो तिथे जाऊन भाव तरी बघून या. जून-जुलैत वाळवणं बंद, लाइट जाते, तेव्हा रजिस्ट्रेशनची कागदपत्रं, बँकेची कामं, जुन्या गिऱ्हाईकांना व्हॉट्सॲप. आणि नेवऱ्यांच्या ऑर्डरी चवथीच्या आठ दिवस आधी बंद म्हणजे बंद, नाहीतर आपल्याच घरची माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधायची राहून जाते.