दरवाजे कोणी उघडले?

पत्रकारितेत येऊ पाहणारी पोरं पहिली बायलाईन, म्हणजे बातमीवर स्वतःचं नाव, कधी मिळते, एवढंच विचारतात. माझी पहिली मोठी बातमी चुकली होती, तिथूनच सांगतो.

पहिलाच पावसाळा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 फुटांच्या धोका पातळीकडे निघालेली. मी ऐटीत लिहिलं, 'प्रशासनाने राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले.' डेस्कवरच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"कोणी उघडले? नाव लिही."

मी गप्प.

"लेका, ते स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. उद्या नदीकाठची माणसं एखाद्या साहेबाच्या दारात गेली, तर तू येणार मध्ये पडायला?"

एका क्रियापदानं बातमी खोटी झाली होती. धरणाचं काम कसं चालतं हे त्यानंतर मी शिकलो, म्हणजे आधी शिकायला हवं होतं ते.

6 जानेवारीला पत्रकार दिनाच्या भाषणांत चौथा स्तंभ वगैरे ऐकाल. ऐका, चहा घ्या, कामाला लागा. त्यापेक्षा 1882 चं कोल्हापूर प्रकरण वाचा. इथल्या छत्रपतींचा छळ होतोय म्हणून टिळक-आगरकरांनी दिवाण बर्व्यांवर टीका केली. आधाराला घेतलेली पत्रं बनावट निघाली. दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. तळमळ खरी होती, कागद खोटा होता.

कागद मागायलाही शिकावं लागतं. माहिती अधिकारात 10 रुपये भरले की 30 दिवसांत उत्तर यायला हवं. पण 'रस्त्याची सगळी माहिती द्या' असं लिहाल तर हाती काही लागत नाही. मोजमाप पुस्तिका मागा, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही, जिला सगळे एमबी म्हणतात. एका गल्लीच्या रस्त्याची आम्ही मागवली. नळाच्या कामासाठी खणलेल्या चरीत डांबराचा थर उघडा पडला होता, तिथं पट्टी लावली. वहीतली जाडी आणि पट्टीवरची जाडी जुळेना.

आता कडू भाग. बातमी पहिल्या पानावर जायची होती. त्याच आठवड्यात एका नेत्याची वाढदिवस पुरवणी निघाली आणि माझी बातमी सहाव्या पानावर सिंगल कॉलम झाली. घटनेचं कलम 19(1)(क) लिहायची मुभा देतं, कागद-शाईचं बिल भरत नाही. 1920 साली बाबासाहेब आंबेडकरांच्या 'मूकनायक'लाही शाहू महाराजांच्या 2,500 रुपयांचा आधार लागलाच होता. तेव्हा नोकरी धरताना पगाराबरोबर जाहिराती कुणाच्या येतात, तेही बघून ठेवा.

त्या सहाव्या पानाचं कात्रण गल्लीतल्या चहाच्या टपरीवर मात्र बरेच दिवस चिकटवलेलं होतं. महिन्याभरानं तिथल्या दोन मावश्या ऑफिसात आल्या, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट घेऊन. अर्जात 'मोजमाप पुस्तिका' लिहायचं की 'एमबी', एवढंच त्यांना विचारायचं होतं.