चहाच्या अर्काचा आतड्यातील रोगजंतूंवर होणारा परिणाम कसा तपासावा

१९०६ मध्ये मॅकनॉट या ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सकाने कोऱ्या चहात विषमज्वराचे जंतू मरतात असे नोंदवले आणि सैनिकांच्या पाण्याच्या बाटल्या चहाने भराव्यात अशी शिफारस केली. त्यानंतर हा प्रयोग अनेक प्रयोगशाळांत झाला, तरी त्याचे आकडे एकमेकांशी सहजासहजी जुळत नाहीत. माझ्या मते याचे मोठे कारण अर्काच्या तयारीत आणि तुलनेसाठी ठेवायच्या नमुन्यांत होणारी हयगय हे आहे.

जंतुरोधक गुण मुख्यतः कॅटेचिन गटातील संयुगांत, विशेषतः ईजीसीजी (एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट) या कॅटेचिनमध्ये असतो. काळा चहा तयार होताना या संयुगांचे ऑक्सिडीकरण होऊन थिआफ्लाविन व थिआरुबिजिन ही रंगीत संयुगे बनतात, म्हणून हिरवा आणि काळा चहा हे दोन स्वतंत्र नमुने मानावेत. दहा ग्रॅम बारीक केलेली पाने १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ८०° सेल्सिअसला अर्धा तास ठेवून अर्क गाळावा. निर्जंतुकीकरणासाठी तो ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालू नये, कारण तीव्र उष्णतेने कॅटेचिनांची रचना बदलते, ०.२२ मायक्रॉनच्या पटल-गाळणीतून तो गाळणे पुरेसे आहे. ठरावीक अर्क वाळवून उरलेल्या घनभागाचे वजन करावे आणि पुढील सर्व मात्रा मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये लिहाव्यात, कारण ‘दहा टक्के चहा’ या वर्णनावरून दुसऱ्या कोणालाही प्रयोग पुन्हा करता येत नाही.

साल्मोनेला (विषमज्वराचे जंतू याच गटातले), शिगेला (आमांशाचे जंतू) किंवा पटकीच्या जंतूंवरील काम जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीच्या प्रयोगशाळेतच, प्रशिक्षित देखरेखीखाली करावे. घरी हा प्रयोग मुळीच करू नये.

आगरमध्ये (जिवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमात) खळगे पाडून अर्क भरण्याची आणि भोवती जिवाणू न वाढलेले वलय मोजण्याची पद्धत सोपी असली, तरी तिच्यावर विसंबू नये. मोठ्या आकाराची पॉलिफेनॉले (कॅटेचिने ज्या गटात मोडतात ती संयुगे) आगरमध्ये संथपणे पसरतात, त्यामुळे लहान वलय म्हणजे कमी परिणाम असे ठरत नाही. त्याऐवजी म्युलर-हिंटन या जिवाणू वाढवण्याच्या प्रमाणित द्रव माध्यमात अर्काची मात्रा टप्प्याटप्प्याने निम्मी करत जावी, प्रत्येक नळीत मिलिलिटरमागे सुमारे ५ लाख जिवाणू राहतील एवढे संवर्धन घालावे आणि ३५° ते ३७° सेल्सिअसला १६ ते २० तास उबवावे. यातून किमान रोधक मात्रा, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी सर्वात कमी मात्रा, मिळते.

येथे चहाचा रंगच अडचण करतो. तपकिरी द्रवात गढूळपणा डोळ्यांना नीट कळत नाही, आणि जिवंत जिवाणूंमुळे रंग बदलणारे रेसाझुरिनसारखे रंगद्रव्य वापरावे तर पॉलिफेनॉले स्वतःच त्याचे क्षपण करून (रंग बदलून) जिवाणू जिवंत असल्याचा आभास निर्माण करू शकतात. म्हणून प्रत्येक मात्रेसाठी जिवाणूंविना एक नळी ठेवावी आणि उबवल्यानंतर नळीतील द्रव ताज्या आगरवर पसरून वसाहती मोजाव्यात. मूळ जिवाणूंपैकी ९९.९ टक्के ज्या किमान मात्रेत मेले, ती मारक मात्रा होय.

आणखी एक तुलना बहुधा राहून जाते. पोषक माध्यमात कॅटेचिनांपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि तेही जिवाणू मारते. काही नळ्यांत कॅटालेज हे हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करणारे विकर घालून परिणाम कितपत टिकतो ते पाहावे, आणि त्याच सामूचे (पीएचचे) पण अर्काविना माध्यमही तपासावे. ई. कोलाय, साल्मोनेला यांसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंचे (ज्यांना बाहेरून एक जादा पटल असते) बाह्य पटल कॅटेचिनांना बऱ्याच अंशी अडवते, त्यामुळे ई. कोलाय आणि साल्मोनेला यांच्यासाठी असे पटल नसलेल्या स्टॅफिलोकोकस ऑरियसपेक्षा बरीच मोठी मात्रा लागेल असे धरूनच मात्रांची मालिका आखावी.